निवाडा : शब्द, सभा आणि संमती

‘निवाडा’ हा शब्द ‘निवडणे’ या क्रियापदापासून झाला आहे, आणि ज्या क्रियेने स्वयंपाकघरात तांदळातले खडे वेगळे होतात तिच्याच नावाने गावच्या देवळात दोन भाऊबंदांचा वतनाचा वाद मिटत असे, ही गोष्ट मराठी समाजाच्या न्यायविषयक कल्पनांचा विचार करताना प्रथम ध्यानात घ्यावी लागते. बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्र यांच्या प्राकृत व्याकरणात ‘णिव्वड’ हा धातू वेगळे होणे आणि स्पष्ट होणे अशा दुहेरी अर्थाने आला आहे, आणि मराठीने त्याचे हे दोन्ही अर्थ सांभाळले आहेत. एकमेकांत मिसळून गेलेले हक्क, नाती, देणी आणि सांगोवांगीच्या गोष्टी एकेक करून बाजूला काढल्या म्हणजे वाद आपोआप स्पष्ट होतो, अशी समजूत या शब्दाच्या पोटात आहे. पुढे ‘निवडणूक’ आणि ‘निवड समिती’ हे आधुनिक शब्दही त्याच क्रियापदावर उभे राहिले, तरी मताधिकार बजावणाऱ्या किंवा संघ जाहीर करणाऱ्या माणसाच्या मनात सूप आणि तांदूळ येत नाहीत, हे खरेच आहे. शब्दाचे मूळ विसरले गेले तरी त्यातली रीत व्यवहारात किती काळ टिकली आणि कोठे मोडली, याचा शोध घेणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

निर्णय करण्याच्या मराठी शब्दांपैकी बरेचसे हाताने, डोळ्याने आणि तराजूने करायच्या कामांतून आले आहेत. ‘जोखणे’ आणि ‘तोलणे’ वजनाच्या व्यवहारातले, ‘पारडे’ तराजूचे, ‘कस’ आणि ‘कसोटी’ सराफाच्या पेढीवरची. कसोटी म्हणजे काळा, गुळगुळीत दगड. सराफ त्यावर दागिन्याची रेघ ओढतो, शेजारी ज्याचा कस ठाऊक आहे अशा सोन्याची रेघ ओढतो, दोन्हींवर तेजाबाचा थेंब टाकून कोणती रेघ टिकते आणि कोणती फिकी पडते ते पाहतो, आणि हे सारे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चालते. निखळ गुणाच्या माणसाला ‘बावनकशी’ म्हणण्याची रीत येथूनच आली. गुरांच्या बाजारात बैलाचे वय सांगताना जनावराचा ओठ वर करून दात पाहतात आणि आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला अशा पायऱ्यांनी ते बोलतात. या पायऱ्या विकणाऱ्याला जितक्या ठाऊक तितक्याच घेणाऱ्यालाही ठाऊक असतात, त्यामुळे दराविषयी घासाघीस कितीही झाली तरी दाताविषयी फारशी होत नाही. पारखणारा माणूस जाणता असावा लागतो, पण त्याचे माप गुपित नसते.

हाच गुण महसुली कारभारातही उतरला. सोळा आणे पीक पूर्ण मानून चालू हंगामाचे पीक किती आणे आले ते ठरवण्याच्या पद्धतीला ‘आणेवारी’ म्हणत, आणि दशमान नाणी आल्यावर ती ‘पैसेवारी’ झाली. आरंभी नुसत्या पाहणीवरून काढलेल्या अंदाजाला आजही सरकारी कागदांत ‘नजर पैसेवारी’ असेच नाव आहे. तिच्यानंतर सुधारित आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते. पन्नास पैशांच्या आत आकडा आला की गाव टंचाईच्या सवलतींना पात्र ठरू शकते, म्हणून या आकड्यावर गावाचा वर्षभराचा सारा आणि कर्जाची वसुली अवलंबून राहते. वर्तमानपत्रांत दरवर्षी पैसेवारीविषयी जी खळबळ उडते, तिचे कारण अंदाज चुकतो एवढेच नसते; पाहणी आपल्यासमोर झाली नाही, ही शेतकऱ्याची तक्रार तिच्या मुळाशी असते.

माणसाविषयी मत बनवण्याला मात्र या शब्दांपैकी एकही नीट लागू पडत नाही. ‘माणूस पारखणे’ असा प्रयोग आहे, पण त्यात दोष काढण्यापेक्षा विश्वास कोणावर ठेवावा हे ओळखण्याचा भाव अधिक. दोष काढण्याला मराठीत ‘नावे ठेवणे’ म्हणतात आणि त्या शब्दप्रयोगातच ते काम हलके असल्याची जाणीव आहे. गेल्या काही वर्षांत शहरी तरुणांच्या बोलण्यात ‘जज करणे’ हा प्रयोग रुळला, तो या रिकाम्या जागेत. वेशावरून, बोलीवरून किंवा राहणीवरून मनातल्या मनात कोणाला तरी खालचे ठरवणे, असा त्याचा अर्थ आहे. पुरावा न पाहता आणि समोरच्याला बोलू न देता केलेला हा निर्णय असल्याने त्याला ‘निवाडा’ म्हणणे जुन्या मराठीच्या जाणकाराला पटणार नाही, आणि तरुणांनी परका शब्द घेतला म्हणून खंत करण्याचेही कारण नाही, कारण त्यांनी तो घेतला आहे तो अशा वृत्तीचा निषेध करण्यासाठी.

‘न्याय’ हा संस्कृत शब्द मराठीत दोन वाटांनी वावरतो. एक वाट राजसभेकडून न्यायालयाकडे जाते, दुसरी तर्काची आहे. गौतमाच्या न्यायदर्शनात न्याय म्हणजे यथार्थ ज्ञानाप्रत नेणारी विचारपद्धती, आणि शास्त्रचर्चेत वापरल्या जाणाऱ्या दृष्टान्तांनाही ‘न्याय’ असेच म्हणतात : काकतालीय न्याय, म्हणजे कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडावी तसा योगायोग, देहलीदीप न्याय, म्हणजे उंबरठ्यावरच्या दिव्याने आत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड पडावा तसे एका गोष्टीने दोन कामे साधणे, स्थालीपुलाक न्याय, म्हणजे भांड्यातला एक दाणा दाबून साऱ्या भाताची परीक्षा करणे. यांपैकी शेवटचा न्याय मराठीने शितावरून भाताची परीक्षा या बोलीत आपलासा केला. शास्त्राचे नावही न ऐकलेला माणूस ‘ज्या न्यायाने थोरल्याला वाटा दिला त्याच न्यायाने धाकट्यालाही द्या’ असे सहज बोलून जातो, तेव्हा त्याला दया नको असते, नियम सर्वांना सारखा लागू व्हावा एवढेच हवे असते. न्याय म्हणजे नियमाची सुसंगती, हा अर्थ रोजच्या मराठीत इतका मुरलेला आहे की तो निराळा शिकवावा लागत नाही.

या शब्दांना जेथे रीतसर रूप मिळाले ती जागा म्हणजे गोतसभा. ‘गोत’ म्हणजे येथे रक्ताचे नाते नव्हे. गावचे पाटील, कुलकर्णी, चौगुला, शेतकरी मिरासदार आणि बारा बलुतेदार मिळून जो समूह होई त्याला गोत म्हणत, आणि वाद गावापेक्षा मोठा असला तर परगण्याचे देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन आणि राज्याचे अधिकारी एकत्र बसत, त्या सभेला ‘मजलिस’ हे फारसी-अरबी नाव होते. फिर्याद आणणारा ‘अग्रवादी’ आणि उत्तर देणारा ‘पश्चिमवादी’. दोघांनी आपापली हकिगत, म्हणजे ‘तकरीर’ किंवा ‘करीना’, लिहून द्यायची, जामीन द्यायचे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सभा जो निवाडा करील तो मान्य करू असे लिहून द्यायचे. या शेवटच्या कागदाचे नाव ‘राजीनामा’. आज हा शब्द नोकरी किंवा मंत्रिपद सोडण्याच्या पत्राला उरला आहे. त्या काळी तो निर्णय होण्याआधीच त्याला बांधून घेण्याचा करार होता.

निवाडा झाल्यावर जो कागद होई त्याला ‘महजर’ म्हणत. तिथी आणि शक, हजर असलेल्यांची नावे, दोन्ही बाजूंच्या हकिगती, पुढे आलेले कागद आणि साक्षी, शेवटी निर्णय, असा त्याचा साधारण क्रम असे, आणि खाली सभेतल्या प्रत्येकाची खूण. ज्याला लिहिता येत नव्हते त्याच्या नावापुढे त्याच्या धंद्याचे चित्र काढलेले आढळते : पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. अक्षरशून्य माणसाची संमती अक्षराइतकीच ग्राह्य मानणारी ही सोय साधी दिसते, पण तिच्यामुळे महजर हा एका अधिकाऱ्याच्या सहीचा हुकूम न राहता सभेचा कागद होतो. पुढे वाद पुन्हा उकरला गेला तर नांगराच्या किंवा आरशाच्या खुणेवरून त्या घराण्यातल्या वंशजांना विचारता येई. हरलेल्या पक्षाकडून ‘यजितखत’, म्हणजे आपली बाजू खोटी ठरल्याची लेखी कबुली, घेतली जाई आणि ती जिंकलेल्याच्या हाती राही. जिंकल्याचा हर्ष म्हणून दिलेली ‘हरकी’ आणि हरल्याबद्दलची ‘गुन्हेगारी’ या दोन्ही रकमा सरकारात जमा होत, तेव्हा निवाड्यात राज्याचा आर्थिक स्वार्थही होता, हे दृष्टीआड करता येत नाही.

या रीतीच्या मागे धर्मशास्त्राची चौकट उभी होती. याज्ञवल्क्यस्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या ‘मिताक्षरा’ या टीकेत दाव्याचे चार टप्पे आणि पुराव्याचे प्रकार सविस्तर आले आहेत : लेख, साक्षी, भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट, आणि यांपैकी काहीच हाती लागले नाही तर दिव्य. मराठी कागदांतले ‘रवादिव्य’ त्यातलेच. पक्षकाराचे हात धुऊन, नखे काढून, आधीचे व्रण नोंदवून, उकळत्या तेल-तुपातून धातूचा तुकडा बाहेर काढायला लावीत, मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करीत आणि ठरलेल्या दिवशी सर्वांसमक्ष ती उघडून हात पाहत. आजच्या वाचकाला हा प्रकार क्रूर आणि निरर्थक वाटतो व तसा तो आहेच. तथापि मोहर, नोंद आणि उघड पाहणी यांचा काटेकोरपणा पाहिला म्हणजे ज्यांचा या परीक्षेवर विश्वास होता त्यांनाही माणसांच्या लबाडीविषयी भ्रम नव्हता, असे दिसते. स्थानिक सभेवर विरुद्ध पक्षाचा दाब असल्याची शंका आली तर वाद दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे न्यावा अशी मागणी करता येई. त्या परक्या जागेला ‘थळ’ किंवा ‘परस्थळ’ म्हणत. पक्षपाताच्या शंकेवर असा उपाय काढणारी व्यवस्था अडाणी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या साऱ्या कार्यपद्धतीची जी मांडणी केली, तिच्यावाचून या विषयात आजही पाऊल टाकता येत नाही.

लोकस्मृतीने मात्र सभेपेक्षा एका व्यक्तीला अधिक जपले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्यासाठी रघुनाथरावांना दोषी धरणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे निःस्पृहतेचे प्रतीक झाले, आणि १९४४ साली ‘प्रभात’ने त्यांच्यावर काढलेल्या चित्रपटाने ती प्रतिमा घरोघर पोहोचवली. माहुलीच्या या शास्त्र्याची थोरवी वादातीत आहे. परंतु सत्ताधाऱ्यासमोर एकटा उभा राहणारा न्यायाधीश हेच न्यायाचे एकमेव चित्र मनावर ठसल्यामुळे, वतन, शेत, बांध, विहिरीचे पाणी आणि मानपान यांचे जे असंख्य वाद गावोगावच्या अनामिक पंचांनी मिटवले, त्यांच्याकडे मराठी वाचकाचे लक्ष फारसे गेले नाही.

या अनामिक पंचांचे गुणगान करून मात्र थांबता येत नाही. गोत हे विषमतेच्या पायावर उभे होते. गावाच्या शिवेचा वाद आला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण शीव राखणे हे त्याचेच काम. तरी ज्या सभेत त्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे त्याच सभेत त्याला दूर बसावे लागे. सर्वांनी मिळून निवाडा करण्याची ही रीत जेव्हा जातीपुरती आवळली गेली, तेव्हा तिच्यातून जातपंचायतीचा जाच निर्माण झाला. पंचांपुढे उलट बोलण्याची सोय राहिली नाही, थळ मागण्याचा मार्ग उरला नाही, दंडाची रक्कम पंचांच्या मर्जीवर राहिली, आणि न मानणाऱ्याला वाळीत टाकण्याचे भय दाखवून संमती उकळली जाऊ लागली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून या विरोधात चालवलेल्या मोहिमेनंतर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा केला, आणि असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. राजीनामा आणि यजितखत यांत संमती लेखी व उघड होती. वाळीत टाकण्याच्या धाकाने मिळालेल्या होकाराला संमती म्हणणे ही त्या शब्दाची विटंबना आहे. दोन्ही व्यवस्था पंच, सभा आणि दंड हेच शब्द वापरतात, म्हणून त्यांच्यातला भेद सतत सांगत राहणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीच्या पद्धतीचे तपशीलवार वर्णन केले. विलंब, पंचांना बोलावून आणण्याची आणि निवाडा अमलात आणण्याची अडचण, लाचलुचपत, असे दोष त्यांनी लपवले नाहीत, तरी ही पद्धत शक्य तितकी टिकावी असे त्यांचे मत होते. पण मुंबई इलाख्यात १८२७ ची विनियमावली लागू झाली, नेमलेले न्यायाधीश, वकील, मुद्रांक आणि अपिलांची शिडी आली, आणि पंचायत हळूहळू रोडावली. अपिलात उलटू शकणाऱ्या निर्णयावर आधीच लिहून दिलेल्या संमतीला अर्थ उरत नाही, हे त्यामागचे एक खोल कारण असावे. याच काळात ‘निकाल’ हा शब्द पुढे सरकला. प्रकरण बाहेर निघाले, संपले, दफ्तरातून उतरले, असा त्याचा रोख आहे, म्हणून तो खटल्याला जितका चालतो तितकाच परीक्षेलाही चालतो, आणि ‘निकालात काढणे’ म्हणजे एखाद्याला पुरते संपवणे. जुन्या पद्धतीतले काही शब्द अर्थ बदलून जगले. साक्ष या अर्थाची ‘ग्वाही’ आता सभांतल्या आश्वासनापुरती उरली. ‘पंच’ मात्र कुस्तीच्या आखाड्यात आणि क्रिकेटच्या मैदानावर पोहोचले, आणि पोलिसांच्या ‘पंचनाम्या’त त्यांचे मूळचे काम आजही शिल्लक आहे : घटनास्थळी जे दिसले ते परिसरातल्या तटस्थ माणसांसमोर लिहून घ्यायचे आणि त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या.

‘कौल’ या शब्दाची वाट निराळी. राज्याने रयतेला दिलेले वचन किंवा अभय म्हणजे कौल, आणि ते वचन ज्या कागदावर लिहिले तो कौलनामा. कोकणात हा शब्द देवाकडे गेला. गुरव देवाच्या मूर्तीवर फुले, पाकळ्या किंवा तांदूळ लावतो, गाऱ्हाणे घालतो, आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते यावरून उजवा की डावा कौल मिळाला ते ठरते. गोव्यात यालाच ‘प्रसाद’ म्हणतात. माणसांच्या सभेला जे उकलले नाही ते देवापुढे मांडताना देखील भोवती गाव जमलेले असते आणि पाकळी कोणती पडली हे सर्वांना दिसते. मतमोजणीच्या दिवशी ‘मतदारांचा कौल’ म्हणताना हाच अर्थ वर येतो, आणि मतदाराला देवाच्या जागी बसवणारा हा प्रयोग मराठी राजकीय भाषेने कोणाच्याही सूचनेवाचून घडवला आहे.

स्वातंत्र्यानंतर गोताची जुनी चौकट परत आणण्याचा प्रश्न नव्हता, तरी तिच्यातले काही चांगले वेगळे काढून घेण्याचे प्रयत्न झाले. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम हा त्यातला ठळक प्रयत्न. गावच्या समितीने दोन्ही पक्षांना बसवून समेट घडवावा, ही तिची कल्पना मजलिशीच्या जवळची आहे, पण समितीत कोणाला जागा मिळते आणि बाईचे किंवा दलिताचे म्हणणे तिथे निर्भयपणे मांडले जाते का, यावर तिचे मोल ठरते. फौजदारी स्वरूपाच्या अन्यायावर समेटाचा दबाव येता कामा नये, हेही तितकेच खरे.

भाषेचा प्रश्न याहून कमी महत्त्वाचा नाही. १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तरी निकालपत्रे पुष्कळदा इंग्रजीतच लिहिली जातात, आणि ज्या शेतकऱ्याचा बांध त्यात ठरतो त्याला आपण का हरलो हे वकिलाच्या तोंडून ऐकावे लागते. महजरात दोन्ही बाजूंच्या हकिगती त्यांना कळणाऱ्या भाषेत लिहिलेल्या असत, आणि यजितखत देणारा माणूस कशाला कबुली देतो आहे हे त्याला ठाऊक असे. मराठीत निकालपत्र लिहिण्यासाठी शब्द नाहीत, हा आक्षेप या ग्रंथात एकत्र आणलेल्या शब्दसंपत्तीपुढे टिकणारा नाही : वहिवाट, कबुली, जामीन, साक्ष, हरकत, ताबा, तडजोड, निवाडा हे सारे शब्द आजही तालुक्याच्या कचेरीत रोज ऐकू येतात. न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात आणि विधी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात त्यांना रीतसर स्थान मिळाले, तर मराठी निकालपत्रे लिहिण्याची अडचण पुष्कळच कमी होईल.